डोळा केला की ओकायचंच का?

धायरीहून एका आईचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं आवरून देते.

"माझा मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत आहे. उजवा डोळा नाकाकडे वळायचा. चष्मा झाला, पट्टी झाली, शेवटी मे महिन्यात तिरळेपणाचं ऑपरेशन केलं. सकाळी नऊला आत नेलं, पाऊण तास लागला. शुद्धीवर आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, काहीतरी पिऊन पोटात टिकलं की सोडू. अर्धा कप दूध दिलं, ते पडलं. तासाभराने पुन्हा दिलं, तेही पडलं. संध्याकाळी सोडलं. ह्यांनी त्याला मस्तानी कबूल केली होती, म्हणून वाटेत चार चमचे भरवली. राजाराम पुलाच्या अलीकडे रिक्षातच सगळं बाहेर. घरी आणखी तीनदा, शेवटची रात्री दीडला, नुसतं पिवळं पाणी. आणि सकाळी उठून साहेबांनी पोहे मागितले! सासूबाई म्हणतात, भूल जास्त झाली. मला वेगळीच टोचणी आहे. पहाटे साडेपाचला तो रडायला लागला म्हणून मी दोन घोट पाणी पाजलं आणि कोणालाच सांगितलं नाही. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही दिवसभर ओकत होते, म्हणजे आमच्या घराण्यातच काही आहे का? आता डॉक्टर म्हणतात, थोडा तिरळेपणा उरलाय, दिवाळीच्या सुट्टीत डाव्या डोळ्याचं करू. उलट्यांच्या जोराने टाके सुटले म्हणून उरला का? मुलगा रोज विचारतो, 'परत डोळा केला की परत ओकायचं का?' त्याला काय सांगू?"

ताई, आधी ते दोन घोट पाणी बाजूला काढू, कारण पत्राच्या चार पानांत ते तीन वेळा आलंय. साडेपाचला पाणी, नऊला ऑपरेशन, म्हणजे मध्ये साडेतीन तास. भुलीच्या आधी जड खाणं आणि वरचं दूध सहा तास बंद, आईचं दूध चार तास, आणि साधं पाणी दोन तास, हा बऱ्याच ठिकाणी चालणारा हिशेब. २०१८ मध्ये तर युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलांसाठी पाण्याची मर्यादा एका तासावर आणली. तुमचं पाणी आत नेण्याच्या कितीतरी आधी पोटातून पुढे गेलं होतं. त्याने उलटी झाली नाही.

सांगितलं नाही, हे मात्र चुकलं. उद्या पाण्याच्या जागी दूध असतं आणि तुम्ही असंच गप्प राहिला असता, तर? भूल चढली की घशाची राखण झोपते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. मी तीसएक वर्षं मुलांना भूल दिली. "काही खाल्लं नाही ना?" असं विचारलं की आया मान हलवतात आणि आजीकडे बघतात. मग मी आजीलाच विचारायचे. एकदा आजीने हळूच सांगितलं, "अर्धं पार्ले बिस्कीट, चहात बुडवून." ऑपरेशन दुपारवर ढकललं, सर्जन माझ्यावर वैतागले, पोरगं सुखरूप घरी गेलं.

आता खरं कारण. सासूबाईंना हा भाग वाचून दाखवा.

तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या आत कोणी जात नाही. बुबुळ फिरवणारे सहा स्नायू डोळ्याला बाहेरून चिकटलेले असतात. त्यातला एखादा सोडवून मागे शिवायचा, किंवा थोडा कापून आखूड करायचा, एवढंच काम. त्यासाठी सर्जन एक छोटा वाकडा हुक स्नायूखाली सरकवतो आणि स्नायू वर उचलतो. मी डोक्याशी बसलेली असायचे, कान मॉनिटरवर. टीं, टीं, टीं, टीं... हुक ताणला की टीं......टीं............ मी म्हणायचे, "सर, सोडा." हुक सैल. दोन-तीन सेकंदांत ठोके पुन्हा पहिल्या चालीवर. त्या खोलीत हे रोजचंच. वेळ पडली तर एक इंजेक्शन तयार भरलेलं असतं.

डोळ्याला ओढलं आणि हृदय मंदावलं, हे कसं? मेंदूला थेट जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या असतात. डोळ्याकडून निरोप त्यातल्या पाचव्या मज्जातंतूने मेंदूत जातो, आणि मेंदू उत्तर दहाव्या मज्जातंतूने खाली धाडतो. हा दहावा मोठा भटक्या आहे: हृदयाकडे जातो आणि पुढे पोटाकडेही. नाडीवरचा हा परिणाम १९०८ मध्ये आश्नर आणि डाग्निनी या दोन डॉक्टरांनी वेगवेगळा नोंदवला. त्याच वाटेने पोटही ढवळतं, असं मानलं जातं. त्यात भर भुलीच्या गॅसची, दुखणं कमी करायला दिलेल्या अफूवर्गीय औषधांची, आणि एक गोष्ट जी पालकांच्या लक्षात येत नाही: डोळ्याची दिशा नुकतीच बदललेली असते. काही मुलांना पहिले एक-दोन दिवस एकाची दोन दिसतात. कान सांगतो आपण सरळ पडलोय, डोळे काहीतरी भलतंच सांगतात. वरंधा घाटात एस.टी.च्या मागच्या बाकावर बसल्यावर जे होतं, तेच इथे पलंगावर पडल्या पडल्या.

म्हणून मुलांच्या ऑपरेशनांमध्ये उलट्यांसाठी तिरळेपणा बदनाम आहे. टॉन्सिलचाही नंबर वरच लागतो. आधी काही औषध दिलं नाही तर तिरळेपणानंतर उलट्या होणाऱ्या मुलांचं प्रमाण जुन्या अभ्यासांत ४० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत आलेलं आहे. "भूल जास्त झाली" तर मूल उशिरा जागं होतं. तुमचं जागं झालं, दूध प्यालं, भांडलं. तेव्हा तो आरोप मागे घ्यायला हरकत नाही.

आणि हो, घराण्यातच थोडंफार आहे. २००४ मध्ये जर्मन भूलतज्ज्ञांनी एक साधी मोजणी मांडली, अजूनही वापरतात. चारच प्रश्न. ऑपरेशन अर्ध्या तासाहून लांबलं का? वय तीन किंवा जास्त का? ऑपरेशन तिरळेपणाचं का? मुलाला आधी, किंवा आईवडील-भावंडांना कधी, भुलीनंतर उलट्या झाल्या का? एकही 'हो' नसेल तर शक्यता ९ टक्के, चारही असतील तर ७०. ताई, तुमच्या चिरंजिवांना चारपैकी चार. मे महिन्यात तुमचं अपेंडिक्स कोणी विचारलं होतं का, आणि तुम्ही सांगितलं होतं का, हे पत्रात नाही. या वेळी कोणी विचारेपर्यंत थांबू नका.

दुधाचं मात्र मला खटकलं. काहीतरी पिऊन टिकलं तरच घरी, ही प्रथा जुनी आहे आणि अजून बऱ्याच ठिकाणी चालते. हेतू चांगला असतो, पण उपयोग उलटा होतो. फिलाडेल्फियाच्या भूलतज्ज्ञांनी १९९२ मध्ये ९८९ मुलांवर हे तपासलं: घरी सोडण्याआधी ज्यांना प्यायलाच लावलं त्यांच्यात २३ टक्के ओकली, ज्यांना हवं तरच दिलं त्यांच्यात १४ टक्के. पोराला तहान लागली तर पाणी, नाही तर नाही. ऑपरेशनच्या वेळी सलाईनमधून शरीरात पाणी गेलेलं असतं. दोन-चार तास काही प्यालं नाही म्हणून ते सुकत नाही. पुढच्या वेळी नर्सबाईंना गोडीत सांगा, "मागच्या खेपेला दूध दोनदा पडलं, त्याने मागितलं की पाणीच देऊ." त्यांनी नियम दाखवला तर भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगा. भांडू नका, पण दूधही पाजू नका.

मस्तानीबद्दल तुमचे यजमान मनाला लावून बसलेत असं दिसतं. त्यांना सांगा, मस्तानीने उलटी झाली नाही, मस्तानीची उलटी झाली. दही-भात असता तरी तोच बाहेर आला असता. आटवलेलं दूध, वर आइस्क्रीम, खाली रिक्षाचे हादरे आणि संध्याकाळचा सिंहगड रोड. इतकं तर धडधाकट माणसालाही सोसत नाही. कबूल केलेली मस्तानी द्या, पण तिसऱ्या दिवशी.

टाके. हा तुमचा सगळ्यात मोठा घोर, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. स्नायू डोळ्याच्या पांढऱ्या कवचाला बारीक, आपोआप विरघळणाऱ्या धाग्याने शिवलेला असतो. ओकताना चेहरा लाल होतो, डोळ्यांतल्या शिरा तट्ट फुगतात, पांढऱ्यावर लालभडक डाग वाढू शकतो, पहिले एक-दोन दिवस गुलाबी पाणीही येतं. दिसायला भयंकर, पण शिवण त्याने उसवत नाही. क्वचित स्नायू सुटतो, पण मग डोळा एकदम भलतीकडे जातो आणि विशिष्ट बाजूला वळतच नाही. "थोडा उरलाय" असं त्याचं चित्र नसतं. थोडा उरणं हे तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचं जुनं दुखणं. स्नायू किती मिलिमीटर सरकवायचा हे मोजून ठरवतात, पण त्याला प्रतिसाद मेंदू देतो, आणि प्रत्येक मुलाचा मेंदू सारखा ऐकत नाही. दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं फसलं, असं समजू नका.

इतर वाचकांसाठी इथेच एक फरक सांगून ठेवते. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा डोळ्याला मार लागून झालेलं ऑपरेशन यांत डोळा उघडलेला असतो. तिथे जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट पाहू नका, लगेच सर्जनना फोन करा. तिरळेपणासाठी सांगितलेला दिलासा तिथे लागू नाही.

आता दिवाळी. सर्जनशी बोलणं झालंच असेल. या वेळी भूलतज्ज्ञांशी दहा मिनिटं मागून घ्या. आपल्याकडे लोक सर्जनचं नाव तोंडपाठ सांगतात आणि भूल कोणी दिली ते कोणाला आठवत नाही. (तीस वर्षांची तक्रार आहे, सोडून द्या.) जाताना मेच्या ऑपरेशनची भुलीची नोंद मागून न्या. कोणता गॅस, उलटीचं कोणतं औषध, किती आणि केव्हा, सगळं त्या एका कागदावर असतं. आणि तोंडाने सांगा: सहा उलट्या, शेवटची रात्री दीडला, आईलाही झाल्या होत्या, प्रवासात मळमळत असेल तर तेही.

एवढं कळलं की भूलतज्ज्ञाच्या हातात बरंच असतं. ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही उलटी रोखणारी दोन इंजेक्शनं ऑपरेशन चालू असतानाच शिरेतून देता येतात. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात. गॅसवर ठेवण्याऐवजी प्रोपोफॉलच्या धारेवर झोपवता येतं. ते दुधासारखं पांढरंशुभ्र औषध, पालक सिरिंज पाहून विचारतात, "याला दूध चालतं?" त्याने उलट्या कमी होतात. पण एक पेच आहे: प्रोपोफॉलवर असताना हुक ओढला की नाडी मंदावण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून "गॅस नकोच" असा हट्ट धरू नका. गरज सांगा आणि निवड त्यांच्यावर सोपवा. दुखण्यासाठी अफूवर्गीय औषध टाळून पॅरासिटामॉलवर भागेल का, हेही विचारा. तोंडाने टिकत नसेल तर त्याची गुदद्वारातून द्यायची वडी मिळते, ती लिहून घ्या. हे सगळं करूनही एखादी उलटी होऊ शकते. पण सहाची एक झाली तरी रात्र झोपून जाईल.

पहिला नंबर मिळाला तर घ्या. उपास लांबला की मुलं आधीच चिडलेली आणि मळमळलेली असतात. रात्री आठच्या वरणभातावर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत कोरडं ठेवण्यात काही शौर्य नाही. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते वेळ विचारून कागदावर लिहून घ्या, आणि त्या वेळेआधी पाजाच.

परतीचा प्रवास या वेळी नीट बसवू. संध्याकाळच्या गर्दीत निघू नका. दुपारी सोडलं तर दुपारी, नाही तर थोडं थांबून गर्दी ओसरल्यावर. रिक्षापेक्षा मोटार बरी, आणि चालवणाऱ्याला आधीच सांगा, ब्रेक हळू. मागच्या सीटवर तुमच्याजवळ, डोकं टेकलेलं, काच थोडी खाली. मोबाइल हातात अजिबात नको. डोळे मिटून पडू दे. पिशवी, जुना टॉवेल आणि एक सदरा मांडीवर, डिकीत नाही. उलटी आलीच तर आपण आया सवयीने कपाळ धरतो ना, तसंच धरा. फक्त तळहात भुवईच्या वर राहू दे, डोळ्यावर सरकू देऊ नका.

घरी आल्यावर कुशीवर झोपवा. झोपलेल्याला औषध-पाण्यासाठी उठवू नका. उलटी झाली की अर्धा तास पोटाला पूर्ण सुट्टी, मग चमच्याने. पाच मिलीचा चमचा, दर पाच मिनिटांनी एक; तासाला साठ मिली होतात, पुष्कळ आहे. मुलं घटाघटा मागतात आणि आपल्याला दया येते. ती दया दहा मिनिटांत चादरीवर येते. चमच्यात काय? पाणी, ओआरएस किंवा साळीच्या लाह्यांचं पाणी. लाह्यांचं पाणी आजकाल घरांतून गेलंय. सासूबाईंना येत असेल तर हे खातं त्यांच्याकडे द्या. मूठभर लाह्या पाण्यात भिजवायच्या, कुस्करून गाळायचं, चवीला साखर आणि मिठाची कणी. ओआरएस करताना पाकिटावर लिहिलेल्या मापात अख्खं पाकीट एकदम कालवा, पेल्यात अंदाजाने चिमूट नको. ते टिकलं की पेज, मग मऊ भात. दूध, तळलेलं, आल्याचा रस पहिल्या दिवशी नको.

सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू द्या. मीठ-मोहरी ओवाळून लांब नेऊन टाकावी. मिरच्या मात्र जाळू नयेत, त्या धुराने ताज्या डोळ्याची आग होते.

मळमळ कमी व्हावी म्हणून मनगटावर दाबायचा बिंदू तुम्ही विचारला आहे. तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं, मूठ वळली की दोरीसारख्या ताठ होणाऱ्या दोन स्नायुबंधांच्या मधोमध. थोडा उपयोग होतो असं दाखवणारे अभ्यास आहेत, अपाय नाही. सलाईनची सुई असलेला हात सोडून दुसऱ्यावर दाबा. घरातली कुठलीही उलटीची गोळी मात्र अंदाजाने देऊ नका. मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या औषधाने काही मुलांची मान एकाएकी वाकडी होते आणि डोळे वर फिरतात. आदल्याच दिवशी डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या मुलाचे डोळे वर फिरलेले पाहिले तर त्या घरात काय होईल, कल्पना करा. ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप वजनाप्रमाणे लिहून घ्या, तेच द्या. तापासाठी किंवा दुखण्यासाठी ॲस्पिरिन मुलांना कधीच नाही.

रात्री दीडची पिवळी उलटी पाहून तुमचा जीव उडाला होता. रिकाम्या पोटी ओकलं की पिवळसर येतंच. हिरवी आली, रक्त किंवा कॉफीसारखं काळपट आलं, चोवीस तासांनंतरही थांबली नाही, चमच्याचं पाणीही टिकेना, सात-आठ तास लघवी झाली नाही, डोळा दुखून पापण्या टम्म सुजल्या, पू किंवा ताप आला, तर फोन करा; रात्रीचे दोन असले तरी. हाका मारूनही मूल नीट जागं होत नसेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ बोलवा. घरी निघण्याआधी रात्री उचलला जाईल असा नंबर मागून घ्या, आणि तो नंबर तिथेच एकदा लावून बघा.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. "नाही होणार" असं सांगू नका. झाली तर तिसऱ्या वेळी तो तुमचं काहीच ऐकणार नाही. त्याला म्हणा, "कदाचित एखादी होईल. मागच्या वेळी डॉक्टरकाकूंना माहीत नव्हतं तू किती ओकतोस, आता आपण सांगणार आहोत. त्या ओकारीचं औषध तू झोपलेला असताना सलाईनच्या नळीतूनच घालणार, त्यासाठी वेगळी सुई नाही." ही वेगळी सुई नाही, हे वाक्य विसरू नका. सहा वर्षांच्या मुलाला उरलेलं सगळं चालतं. आणि पोहे कधी, ते विचारेल. म्हणावं, दुसऱ्या दिवशी सकाळी, मागच्यासारखेच.